वरमाईला पिवळं कार्ड

यंदा वर्ल्डकपच्या मॅच सकाळी सकाळी लागतात. त्यामुळं आमच्या घरात चहा उतू जातो, कुकरच्या शिट्ट्या कोणी ऐकत नाही, आणि आठ-आठ दिवसांनी नळाला येणारं पाणी टाकी भरून अंगणात वाहतं तरी मोटर बंद करायला कोणी उठत नाही. माझा धाकटा मुलगा मंगेश सोफ्याच्या अगदी कडेवर बसतो, मागचा सगळा सोफा रिकामा सोडून. त्याची मुलगी परी त्याच्या मांडीवर. सून रूपाली लाटणं हातात घेऊन दारात. मी खुर्चीत लसूण सोलत असते. मला मॅच बघायची नसते, पण लसूण सोलायला उजेड तिथंच चांगला येतो.

मध्यंतर झालं की मंगेश परीला मोबाइलवर जुनी दृश्यं दाखवतो. फुटबॉलच्या इतिहासातले मोठे क्षण म्हणे. मीही बघते, हात चालूच असतात. एकानं हातानं गोल मारला आणि तो देवाचा हात होता म्हणाला. आमच्या गल्लीत कोणी असं म्हणालं असतं तर देवाचा हात कसा पडतो ते त्याला तिथंच कळलं असतं. दुसरा एक टकलू. फायनलमध्ये समोरच्याच्या छातीत डोकं घालून सरळ बाहेर चालता झाला. समोरचा त्याच्या बहिणीवरून बोलला होता म्हणतात. त्या सगळ्यांत मला तो एकटा समजला. आणखी एकजण तर दुसऱ्याच्या खांद्याला चावला. अंगणवाडीत असं पोर निघालं तर आईला बोलावून घेतात. ह्याला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. आणि एका देशात, त्यांच्याच घरी, पाहुण्यांनी सात गोल घातले. बाया गालांना रंग लावून बसल्या होत्या. त्या रडायला लागल्या तसा रंग ओघळून अंगावरच्या कपड्यांना लागत होता. ते कसं निघालं असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

आपल्याकडचंही दाखवतो तो. कलकत्त्याच्या पोरांनी अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवलं होतं, त्याचा एक काळा फोटो आहे. हैदराबादची टीमही एकेकाळी भल्याभल्यांना रडवायची. ते मात्र मंगेशच्या आधीपासून मला ठाऊक होतं, कारण आमच्या गल्लीतले कलीमभाई गॅरेजमध्ये स्कूटर उघडून बसले की तेच सांगत बसायचे आणि स्कूटर तशीच राहायची.

परवा परीनं विचारलं, "पप्पा, ह्यात आपल्या गावचं काहीच नाय का?"

मंगेशनं मोबाइल पालथा ठेवला. रूपाली लाटणं घेऊन आत गेली. मी म्हटलं, "हाय, पण ते ह्या मोबाइलवाल्यांच्या कानावर गेलेलं नाय."

मंगेशचं लग्न झालं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुढं जूनमध्ये वर्ल्डकप होता आणि त्याआधी भर वैशाखात आमच्याकडं लग्न. त्या उन्हाळ्याचं मला आधी आठवतं ते औरंगपुऱ्याच्या बाजारातलं ऊन. साड्यांच्या दुकानातून बाहेर पडलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. रिक्षाच्या सीटला हात लावता येत नव्हता. घरात कूलरच्या ओल्या गवताचा वास, बाहेर मंडपाच्या कापडाचा, आणि ह्या दोन्हींवर बसलेला हळदीचा. पाहुण्यांच्या अंथरुणांत, पाण्याच्या माठात, माझ्या चष्म्याच्या काडीला, सगळीकडं हळद. लग्नाच्या घरात लोक म्हणतात लई आनंद असतो. मला तरी चमचे हरवलेले आठवतात.

मंगेश आमच्या गल्लीच्या क्लबाचा गोलकीपर होता. क्लब म्हणजे दोन बॉल, त्यातला एक बसका, हवा भरायचा पंप आणि कलीमभाईंचा आवाज. मंगेश गोलकीपर झाला तो आळसापायी, पळायला नको म्हणून. पण ते काम मला पटलं होतं. बाकीचे दहा जण गावभर पळणार, हा एका जागी उभा, आणि शेवटी बोलणी ह्यालाच. जन्मभर स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या बाईला हे वेगळं समजवावं लागत नाही. शंभर पोळ्या नीट झाल्या तर कोणी मान वर करत नाही. एक करपली की घरदार जमतं.

उन्हाळी स्पर्धेत पोरं फायनलला गेली. फायनल हळदीच्या आदल्या दिवशी होती, म्हणून कोणाला काळजी नव्हती. पण बक्षीस द्यायला येणाऱ्या पाहुण्यांना सवड झाली नाही आणि मॅच एक दिवस पुढं गेली, नेमकी हळदीवर. दुसरा गोलकीपर होता, पण त्याला कावीळ झालेली. म्हणजे एक गोलकीपर काविळीनं पिवळा आणि दुसरा हळदीनं.

आमच्यात हळद लागलेला नवरदेव उंबऱ्याबाहेर जात नाही. हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. अक्षता पडेपर्यंत ती कट्यार त्याच्यापासून लांब होऊ द्यायची नाही. त्यातून आमचे व्याही तात्या पिशोरचे, रीतीला लई कडक. सुपारी फुटली त्या दिवशीच त्यांनी बजावलं होतं, "आमच्या भावकीत एक नवरदेव हळदीच्या अंगानं हिंडला, मोटरसायकलवरून पडला. लग्न वर्षभर लांबलं. हळदीचा नवरदेव मला बाहेर दिसला तर मी मंडप उतरवीन." तात्या बोलले की करतात, हे पिशोरच्या बाजारात कोणीही सांगेल.

हळद लागली, मंगेश पाटावर बसला होता आणि कलीमभाई मंडपात आले. उन्हात उभे राहिल्यासारखे मंडपातही घामाघूम.

"अम्मा, घंटे-डेढ घंटे की बात है. मैं खुद लाके छोडतूं."

माझी थोरली नणंद शकुआक्का हळदीचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं. "कलीमभाई, ऊन लागलंय का तुमाला? अंगाला हळद हाय त्याच्या."

"आपा, हल्दी को मैं कुछ नै करता. सिर्फ लडका होना."

शकुआक्का माझ्याकडं वळली. "इंदू, तू बोल काहीतरी!"

मी मालकांकडं बघितलं. आमचे मालक अशा वेळी पातेली मोजायला जातात. गेलेच. मग मी मंगेशकडं बघितलं. त्यानं तोंड पाडलेलं होतं. हे पोर लहानपणापासून एकदा तोंड पाडलं की पंधरवडाभर वर करत नाही. मी विचार केला, उद्या हाच चेहरा बोहल्यावर, हाच अल्बममध्ये, आणि तो अल्बम मी मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायचा.

"जाऊ दे त्याला," मी म्हटलं.

शकुआक्कानं कपाळाला हात लावला. तो हळदीचा होता, त्यामुळं तीही नवरी दिसायला लागली. "आन कट्यार? खेळताना हातात धरून बॉल अडवनार का?"

"मी धरते. जवळच उभी राहते."

"किती जवळ?"

"तू सांग किती जवळ."

रीत मोडायची नाही आणि भाच्याला नाराजही करायचं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं निकाल दिला, "त्याची सावली तुझ्या पायावर पडली पायजे."

अशी मी वरमाईची नवी हिरवी साडी नेसून, हातात लिंबू खोचलेली कट्यार घेऊन, रिक्षातून फायनलला गेले. मंगेश शेजारी टॉवेलात गुंडाळलेला. तरी रिक्षाच्या पडद्यावर, दांड्यावर, कलीमभाईंच्या पाठीवर त्याचे पिवळे हात उमटलेच.

मैदान म्हणजे मुरूम आणि धूळ. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, लोखंडी पाइपाचे गोल, मागं जाळी. आम्ही पोचलो आणि समोरच्या टीमच्या कॅप्टननं पहिलीच तक्रार केली. त्यांची जर्सी पिवळी होती. "सर, ह्यांचा गोलकीपर आमच्या रंगाचा हाय. आमची पोरं चुकून त्यालाच पास देतील."

रेफ्री कुठल्याशा शाळेतला पीटीचा मास्तर, पोरसवदाच. त्यानं मंगेशला खालून वर बघितलं. "अंगाचा रंग धरत नाहीत. जर्सीचा धरतात." मग माझ्याकडं बघितलं. "बाई, हत्यार मैदानात चालत नाही."

"मैदानात कुठं आणते? मी जाळीच्या मागं उभी राहणार."

"का पण?"

"त्याचं लग्न आहे."

ह्यावर कुठल्या पुस्तकात नियम नसावा. तो शिट्टी तोंडात धरून तसाच निघून गेला.

मी जाळीमागं जाऊन उभी राहिले. ऊन समोरून होतं, मंगेशची सावली बरोबर माझ्या चपलांवर पडत होती. शकुआक्काचा हिशोब पक्का निघाला. तेवढ्यात पिवळ्या जर्सीतला एक जण पळत आला आणि वाकून माझ्या पाया पडला. त्यानं मान वर केली तर सचिन. रूपालीचा सख्खा भाऊ.

आता हा सचिन दुपारी आमच्याकडून उष्टी हळद घेऊन निघाला होता. नवरदेवाला लावून उरलेली हळद पिशोरला न्यायची आणि मग ती नवरीला लावायची, अशी रीत. तिकडं मांडवात बाया पाटाभोवती बसलेल्या, रूपाली पाटावर, आणि हळदीचा डबा इथं सचिनच्या पिशवीत, बुटांच्या शेजारी.

"मावशी, घरी सांगू नका. मी त्यांचा मेन फॉरवर्ड हाय."

"तू सांगणार असशील तर मी सांगीन."

"मी काहून सांगीन?"

"मग झालं तर. डबा दे इकडं. बुटांजवळ ठेवतात का हळद?"

त्यानं डबा दिला. मोबाइलही दिला. "फोन आला तर उचलू नका."

फोन येतच राहिला. पहिल्यांदा सचिननं स्वतः मध्यंतरात उचलला. मागं पोरं शिट्ट्या मारत होती, ढोल वाजत होता. "व्हय तात्या, वाटेत फुलंब्रीत अडकलोय. लई गर्दी हाय. नाय, कोणाची तरी वरात चाललीय." आणि तोंड पुसून परत खेळायला गेला. पोरगा आमच्या घरात शोभणारा आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मॅचबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. धूळ इकडून तिकडं जायची आणि तिकडून इकडं यायची. एकदा त्यांचा गोल झाला, एकदा आमचा. पण एक प्रसंग मी जवळून बघितला, कारण तो माझ्याच हातात झाला. त्यांच्या एकानं जोरात मारलेला बॉल पोलच्या बाजूनं बाहेर आला, थेट माझ्या अंगावर. कोणाच्याही अंगावर काही आलं की माणूस हात पुढं करतो. मी केला. हातात कट्यार होती.

फुस्स.

बॉल कट्यारीत अडकून राहिलेला, लिंबू घरंगळत कॉर्नरला गेलेलं. रेफ्री पळत आला. बॉलकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं.

"बाई, कार्ड द्यावं लागेल मला."

"द्या. कट्यार देणार नाही."

त्यानं खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. बघणाऱ्या पोरांनी जो कालवा केला, तो आमच्या गोललाही केला नव्हता. सगळ्यांचे मोबाइल वर.

"आता परत काही झालं तर लाल मिळेल. मग बाहेर जावं लागेल," रेफ्री म्हणाला.

"मी बाहेरच उभी आहे," मी म्हटलं.

सरबतवाल्यानं दुसरं लिंबू दिलं. लग्नाचं आहे म्हटल्यावर डाग नसलेलं निवडून दिलं. आयोजकांकडं दुसरा बॉल नव्हता, म्हणून कलीमभाईंनी आमचा बसका बॉल आणला आणि उरलेली मॅच त्याच्यावर झाली. तो उसळत नव्हता. त्यामुळं दोन्हीकडची पोरं एकसारखी वाईट खेळली आणि बरोबरी सुटली नाही.

मग पेनल्ट्या. एक जण मारणार, एक जण अडवणार, बाकीचे बघणार. मला वाटतं सगळं फुटबॉल असंच ठेवावं, म्हणजे घरी लवकर जाता येईल. मारत मारत शेवटची राहिली. आमच्या सगळ्या गोलात गेल्या होत्या. त्यांच्याकडून मारायला सचिन आला. ही अडवली तर कप आमचा. बॉल ठेवून तो मागं सरकत होता आणि माझ्या हातातला त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर रूपालीचा फोटो. मी उचलला. नवरी आहे, किती वेळ पाटावर बसवायची?

"दादा, हळद कुठं हाय? सगळ्या बाया ताटकळल्यात."

"दादा खेळतोय. मी मंगेशची आई."

तिकडं बांगड्या वाजायच्या थांबल्या. "आत्या, तुमीच का त्या? हिरव्या साडीतल्या, बॉल फोडलेल्या?"

"तुला कोणी सांगितलं?"

"व्हिडिओ आलाय. सगळीकडं फिरतोय."

"तात्यांनी बघितला?"

"चष्मा शोधायला गेलेत."

म्हणजे चष्मा सापडेपर्यंत लग्न शाबूत होतं. "हे बघ पोरी, तुझा दादा शेवटची पेनल्टी मारतोय. ती झाली की डबा घेऊन सुटेल."

तिनं ऐकलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "आत्या, लहानपणी गोठ्याच्या भिंतीला मी गोलकीपर राहायचे आन दादा मारायचा. घाबरला की कायम माझ्या उजव्या हाताला मारतो. पण मी बोलले म्हणू नका." आणि फोन बंद.

मला कुजबुजता येत नाही. कधीच आलं नाही. मी जाळीला तोंड लावून ओरडले, "मंग्या, उजवीकडं!"

हे सचिननंही ऐकलं. चांगल्या घरातलं पोर, वडीलधाऱ्यांचं ऐकायची सवय. त्याला वाटलं, वरमाईनं सांगितलंय म्हणजे गोलकीपर उजवीकडंच जाणार. त्यानं बाजू बदलली आणि बॉल डावीकडं मारला.

पण आमचं पोर चांगल्या वळणाचं नाही. मी उजवीकडं म्हटलं की हा डावीकडं जातो. दुधाचे दात होते तेव्हापासून जातो. शाळेत, नोकरीत, भाजी आणायला पाठवलं तरी. त्यानं डावीकडं उडी घेतली. बसका बॉल त्याच्या पोटाशी येऊन असा बसला जसा तो त्याच्यासाठीच पाठवला होता.

पोरांनी त्याला उचललं, आणि उचललेले सगळे पिवळे झाले. सचिन मात्र तसाच उभा. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. तो माझ्याकडून डबा आणि मोबाइल घेऊन, बूट हातात धरून पळत सुटला.

त्याच वेळी माझा फोन वाजला. तात्या. चष्मा सापडला होता.

"विहीणबाई, हे मी काय बघतोय?"

मी कुठलीही सबब सांगितली नाही. सबबी सांगायला मला वेळ लागतो. "तुम्ही बघताय तेच. मंगेश खेळायला आला होता. मीच येऊ दिलं."

तिकडं मागं बाया बोलत होत्या, कोणीतरी भांडं पाडलं. मी मनात मंडप उतरवायला सुरुवात केली होती. बांबू कुणाचे, कापड कुणाचं.

"कट्यार कुठं होती?" तात्यांनी विचारलं.

"माझ्या हातात. सबंध वेळ. त्याची सावली माझ्या पायावर होती."

"लिंबू?"

"एक पडलं. लगेच दुसरं लावलं."

ते व्हिडिओ पुन्हा बघत असणार, कारण फोनमधून मला माझाच फुस्स ऐकू आला.

"बॉल कट्यारीनंच फुटला व्हय?"

"व्हय."

"धार चांगली हाय," तात्या म्हणाले. मग घसा साफ केला. "कट्यार लांब झाली नाय, म्हंजी रीत मोडली नाय तुमी. मंडप ऱ्हाऊ द्या. हळद पाठवा. पन दुसरा व्हिडिओबी आलाय आत्ताच. एक सांगतो विहीणबाई, आमच्या पोराची पेनल्टी ओरडून अडवली, ते काय सोयरीकीला शोभलं नाय."

हळद पिशोरला दिवेलागणीला पोचली. बायांनी उरकून घेतलं. दुसऱ्या दिवशी लग्न वेळेवर लागलं.

अक्षता पडल्यावर आमच्याकडं नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढंच त्यात म्हणायचं असतं. हलकासा पिळायचा, मानाचे कपडे घ्यायचे आणि बाजूला व्हायचं. सचिन पुढं आला, कान धरला आणि पिळला तो सोडेचना. मंगेशचा कान आधी लाल झाला, मग उरलेल्या हळदीसकट केशरी.

"दाजी, आधी सांगा. माझी बाजू तुमच्या आईला कोणी सांगितली?"

"मला काय माहीत? मी तर डावीकडं गेलो!"

"आमची प्रॅक्टिस चोरून बघायला येत होता, व्हय ना? खरं बोला."

"अरे सोड, तुटंल!"

मी रूपालीकडं बघितलं. मुंडावळ्यांच्या आड तोंड अगदी साधं. नजर जमिनीवर. भाऊ नवऱ्याचा कान उपटतोय आणि ही पायाच्या अंगठ्यानं अक्षता बाजूला सारतेय. मग हळूच म्हणाली, "दादा, उरक ना. फोटोवाला खोळंबलाय."

मी त्या दिवशी तिला काही विचारलं नाही, तिनंही मला काही सांगितलं नाही. दोघींनी ते आजपर्यंत तसंच ठेवलंय. मंगेश अजून शपथा घेतो की त्यानं कोणाचीही प्रॅक्टिस चोरून बघितली नाही, आणि सचिन दर दिवाळीला येऊन ते खोटं आहे म्हणतो. आता हे छापून आलं तर सचिनच्या वाचनात येईल. येऊ दे. कान पिळायचा मान एकदाच मिळतो, आणि तो त्यानं चुकीच्या कानावर खर्च केलाय.